संस्थात्मक सदस्यत्वातून कमांड लाइनद्वारे शोधनिबंध डाउनलोड

ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकांतील लेख ब्राउझरऐवजी टर्मिनलवरून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून), कर्ल किंवा डब्ल्यूगेटसारख्या साधनांनी उतरवून घेण्याची पद्धत. लांबलचक संदर्भसूचीतले लेख एकगठ्ठा मिळवणे, टेक्स्ट मायनिंग (मोठ्या मजकूरसंग्रहाचे संगणकीय विश्लेषण) आणि दूरच्या सर्व्हरवरील काम यांसाठी ती प्रामुख्याने वापरली जाते.

उगमाविषयी दोन मते संभवतात. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस ॲलामोस येथे सुरू केलेल्या, पुढे आर्काइव्ह नावाने प्रसिद्ध झालेल्या भांडारातून ई-मेलने आज्ञा पाठवून लेख मागवता येत. सुरुवात तेथे मानता येईल. परंतु ते भांडार सर्वांना खुले होते, वर्गणीचा प्रश्नच नव्हता. प्रकाशक वर्गणीदार संस्थेला तिच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील अंकी पत्त्यावरून) ओळखू लागले तेव्हापासून, म्हणजे साधारणतः १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, ही पद्धत धरणे अधिक सयुक्तिक वाटते. साधनेही त्याच सुमाराची. ह्र्वोये निक्शिच यांचे डब्ल्यूगेट १९९६ चे. कर्लचे जन्मवर्ष कोणती पायरी पहिली धरायची यावर अवलंबून आहे : राफाएल सागुला यांचा एचटीटीपीगेट (१९९६) हा छोटा प्रोग्राम डॅनियल स्टेनबर्ग यांनी वाढवला, त्याचे आधी यूआरएलगेट आणि मार्च १९९८ मध्ये कर्ल झाले. कर्ल या नावाची पहिलीच आवृत्ती ४ क्रमांकाची आहे, म्हणजे आधीच्या नावांचेच क्रमांकन पुढे चालू राहिले, हे येथे बोलके आहे.

आयपी-पद्धतीत परवानगी माणसाला नव्हे, पत्त्याला मिळते. त्यामुळे आवारातील नेटवर्कवरून पासवर्डाविना काम होते. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) बहुधा लेखाच्या माहितीपानावर नेतो. पीडीएफचा दुवा त्यातून वेगळा काढावा लागतो. आवाराबाहेरून व्हीपीएन किंवा संस्थेतील यंत्रापर्यंतचा एसएसएच टनेल (सांकेतिक जोडमार्ग) वापरतात; त्यामुळे विनंती संस्थेच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते.

तिसरा मार्ग ईझीप्रॉक्सी या, वाचक आणि प्रकाशक यांच्यामध्ये बसणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरचा. ॲरिझोनातील एस्ट्रेला माउंटन कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल ख्रिस झगार यांनी १९९९ मध्ये ते तयार केले. २००८ मध्ये ते ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे गेले. येथे प्रकाशकाच्या सर्व्हर-नावाच्या शेवटी ग्रंथालयाचे प्रॉक्सी-नाव जोडले जाते आणि सुरक्षित जोडणीत मूळ नावातील टिंबांच्या जागी संयोगचिन्हे येतात. वरवर विक्षिप्त वाटणाऱ्या या रचनेचे कारण सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांत आहे : तारांकित प्रमाणपत्र नावाच्या एकाच पातळीपुरते चालते, टिंबे ठेवली तर पातळ्या वाढतात आणि जोडणी अविश्वसनीय ठरते. लॉगिननंतर मिळालेली कुकी (लॉगिन झाल्याची खूण) फाइलमध्ये साठवून ती कर्लला दिली जाते. कुकीची मुदत संपली की बहुधा लेखाऐवजी लॉगिनचे पान उतरते आणि तेच निमूटपणे पीडीएफ म्हणून जतन होते. म्हणून फाइलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व पीडीएफ ही अक्षरे आहेत का, हे अनुभवी लोक आधी तपासतात.

भारतात वर्गणीतील नियतकालिकांच्या सेवांचे समन्वयन इन्फ्लिबनेट (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे केंद्र) करते. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राअंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झालेले हे केंद्र १९९६ मध्ये स्वतंत्र झाले. आता ते गांधीनगरला आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. इन्फ्लिबनेटच्याच इन्फेड या शिबोलेथ-आधारित (संस्थेच्या खात्यानेच अनेक संकेतस्थळांवर लॉगिन करू देणाऱ्या) व्यवस्थेत ओळख व्यक्तीची पटवली जाते. तीत लॉगिन अनेक पानांवरून फिरत असल्याने टर्मिनलवरून ते साधणे अवघड जाते.

परवाने बहुधा ‘पद्धतशीर डाउनलोड’ला मनाई करतात. मर्यादा ओलांडल्यास प्रकाशक संपूर्ण संस्थेचा आयपी-पट्टा बंद करू शकतो; एकाच्या उत्साहाची झळ सर्वांना बसते. एमआयटीच्या नेटवर्कवरून २०१०-११ मध्ये जेस्टोर या नियतकालिक-संग्रहाचे लाखो लेख उतरवल्याबद्दल ॲरन स्वार्ट्झ यांच्यावर अमेरिकेत खटला भरला गेला. तो प्रलंबित असतानाच जानेवारी २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठ्या प्रमाणावरील कामासाठी एल्सव्हिअरसारखे काही प्रकाशक स्वतंत्र एपीआय (प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याची सोय) देतात. त्यासाठी वैयक्तिक की (ओळखीचा संकेत) लागते, आणि वर्गणीतील पूर्ण मजकुरासाठी संस्थेचा आयपी पत्ताही तपासला जातो.