आयर्विन पुलाची वाढीव कमान

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच सेकंदांचा एक व्हिडिओ आला. सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या कमानींच्या माथ्याला कृष्णेचं लालसर पाणी टेकलंय आणि कॅमेरा काठाकाठानं सरकतोय. शेजारच्या काकूंनी लगेच फ्रीजखाली विटा लावायला घेतल्या. हसू नका. इथं धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ज्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं, ते आधी विटा लावतात आणि मग चौकशी करतात.

खोटेपणा भाच्यानं पकडला. तो विश्रामबागेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणाला, "मामा, कमानी मोजा की." मोजल्या. कॅमेरा एका झाडामागून पलीकडे गेला तेवढ्यात पुलाला एक कमान जास्त झाली होती.

व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) यंत्रानं, म्हणजे मॉडेलनं, बनवलेला होता. असं होतं, कारण त्या यंत्राच्या पोटात पूल नसतोच. लाखो व्हिडिओ बघून त्यानं एवढंच शिकून घेतलेलं असतं की दगडी कमानीशेजारी बहुतेक वेळा काय दिसतं आणि पाणी कसं हलतं. काम सुरू होतं ते निव्वळ खरखरीपासून, जुन्या टीव्हीवर अँटेना हलली की मुंग्या दिसायच्या तशी. त्या मुंग्यांतून यंत्र थोडी थोडी खरखर काढत जातं, पन्नासेक फेऱ्या मारतं आणि शेवटी चित्र उरतं. व्हिडिओत ही सफाई सगळ्या चौकटींवर एकदम चालते, म्हणून पाणी धक्के न खाता वाहतं. पण झाडाआड गेलेली कमान कितवी होती, याची नोंद कुठेच नसते. झाड सरलं की तिथं शोभेल अशी कमान काढली, झालं! अर्थात ही खोड दर नव्या आवृत्तीत कमी होतेय. कमानी मोजून पुढच्या पावसाळ्यात भागेल याची मी खात्री देत नाही.

आता मुद्दा असा, की असं यंत्र कंपन्यांनी सगळ्यांच्या हाती द्यावं का? काहींनी ते देऊनही टाकलंय. टेन्सेंट या चिनी कंपनीनं डिसेंबर २०२४ मध्ये हुनयुआन व्हिडिओ हे मॉडेल खुलं केलं, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं असं. अलीबाबा या दुसऱ्या चिनी कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये वान २.१ दिलं. यंत्र जे शिकतं ते आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं, आणि वानच्या लहान भावंडात असे १३० कोटी आकडे आहेत. एकेका आकड्याला दोन बाइट धरले तर सगळा ऐवज अडीच-पावणेतीन जीबीचा होतो, म्हणजे पेनड्राइव्हवर मावतो. (सोबत लागणाऱ्या फायली धरून आणखी जागा लागते, पण घरच्या हार्डडिस्कला ती भारी नाही.) भाच्याच्या गेम खेळायच्या ग्राफिक्स कार्डावर तो चालतो. एकदा उतरवून घेतला की इंटरनेटही लागत नाही.

'खुलं' या शब्दाला मात्र फसू नका. आपल्याकडं घरची चटणी बहिणीकडं पोचती होते, त्यातला हा प्रकार. बरणी तुमची, हवं तेवढं मीठ वाढवा. पण मिरची कुठली, किती आणि कुणाच्या शेतातली, ते सांगणार नाही. आकडे खुले आहेत, पण ते कुणाच्या व्हिडिओंवरून शिकले ते बहुधा गुलदस्त्यातच असतं.

तरीही त्या बरणीत मीठ वाढवता येतं, ही गोष्ट लहान नाही. भाच्याला आटपाडीकडच्या एका गोठ्याची जाहिरात करायची होती. 'खिलार बैल' असं लिहिलं की यंत्र कुठलातरी परदेशी, आखूड शिंगांचा, मख्ख बैल उभा करायचं. मग त्यानं खिलारांचे चाळीसेक फोटो गोळा केले आणि मूळ आकड्यांना हात न लावता त्यांच्यावर एक लहानशी पुरवणी शिकवली. रात्रभर संगणक तापला. सकाळी पडद्यावर पांढराशुभ्र, लांब शिंगं मागं वळलेला, अंगाला कातडी घट्ट बसलेला खिलार! आकडे स्वतःकडेच ठेवणाऱ्या बंद दुकानाच्या सेवेत हे आपल्या हातात नसतं. तिथं मिळेल तो बैल घ्यायचा, वर डॉलरमध्ये पैसे मोजायचे.

पण ज्या रीतीनं चाळीस फोटोंतून खिलार शिकवला, त्याच रीतीनं इन्स्टाग्रामवरच्या चाळीस फोटोंतून एखादी मुलगी शिकवता येते. पुरवणी तीच, रात्र तेवढीच. बैलाला परवानगी आणि मुलीला मनाई, अशी कळ त्या आकड्यांत बसवता येत नाही. सोबतच्या प्रोग्रॅममध्ये नको त्या चित्रांसाठी चाळणी घातली, तरी जाणकार ती ओळ खोडून टाकतो. स्टेबल डिफ्यूजन या चित्रांच्या मॉडेलबाबत २०२२ मध्ये हे घडलेलं आहे.

मग सगळं कुलपात ठेवावं? कुलपाचाही भरवसा नाही. ओपनएआय या अमेरिकी कंपनीनं सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सोरा २ हे व्हिडिओचं बंद मॉडेल आणलं आणि प्रत्येक व्हिडिओवर हलता शिक्का ठेवला. काही दिवसांतच तो पुसून देणारी साधनं इंटरनेटवर फिरू लागली. फरक इतकाच, की बंद सेवेत कंपनी चूक दिसल्यावर नळ आवळू शकते. खुल्या आकड्यांचं मात्र कोयनेतून सोडलेल्या पाण्यासारखं असतं, ते परत वर चढवता येत नाही.

माझं मत त्या कोयनेवरूनच झालंय. धरण भरलं म्हणून कुणी सहाही दरवाजे एकदम सताड उघडत नाही. आधी पायथ्याच्या वीजगृहातून पाणी जातं, मग दरवाजे फुटाफुटानं वर घेतात, आणि किती क्युसेक सोडतोय ते कराडपासून सांगलीपर्यंत कळवतात. मॉडेलचंही तसंच व्हावं. लहान, धूसर, पाच सेकंदांवाली खुशाल खुली करा. चेहरा आणि आवाज हुबेहूब जुळवणारी आधी आतच चाचपा, खोटं ओळखणारी साधनं बनवणाऱ्यांच्या हाती काही महिने अगोदर द्या, मग दरवाजा उचला. कंपन्याही आता हात आखडता घेताहेत. वान २.५ आलं ते अलीबाबाच्या सर्व्हरवरूनच वापरायला. पण ते खालच्या गावांच्या काळजीनं की धंद्याच्या हिशेबानं, याबद्दल मला शंका आहे.

केंद्रानं फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियम बदलले. कृत्रिम व्हिडिओवर लेबल सक्तीचं झालं आणि आदेश आल्यावर तीन तासांत तो काढायचा आहे. नियम बरा आहे, पण तो समाजमाध्यमांच्या कंपन्यांना आवळतो. विश्रामबागेतल्या खोलीत नेट बंद ठेवून तयार झालेल्या फायलीला लेबल कोण लावणार? आणि पूर आलेला असताना तीन तासांत काकूंचं अर्धं घर माळ्यावर चढलेलं असतं.

भाच्याच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट आहे. सहा-सात वर्षांच्या लग्नांच्या हार्डडिस्क त्यात रचून ठेवल्यात. हळदीतल्या, वरातीतल्या, मिरजेपासून विट्यापर्यंतच्या हजारो पोरीबाळींचे चेहरे, चारी बाजूंनी, चांगल्या उजेडात टिपलेले. कपाट आजवर उघडंच असायचं. खिलार जमला त्याच आठवड्यात त्यानं त्याला कुलूप आणलं.