स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ

२०२५ च्या ऑक्टोबरात टोरांटोला अमेरिकेच्या केट डग्लसनं १०० मीटर फ्रीस्टाइल ४९.९३ सेकंदांत पोहून काढली. पन्नास सेकंदांच्या आत उतरलेली ती पहिली स्त्री. भाच्याचा सराव संपायची वाट बघत मी टँकच्या गॅलरीत बसले होते. उत्साहाच्या भरात ही बातमी शेजारी बसलेल्या एका मुलाच्या बाबांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच मोबाइल काढला. "मॅडम, इथे तर विक्रम ५१.७१ दाखवतायत. सारा श्योस्त्रॉम, बुडापेस्ट, २०१७. तुमची बातमी व्हॉट्सॲपवरची दिसते."

दोन्ही आकडे खरे आहेत. श्योस्त्रॉमचा ५० मीटरच्या टँकमधला, डग्लसचा २५ मीटरच्या. टोरांटोची स्पर्धा म्हणजे स्विमिंग वर्ल्ड कपचा एक टप्पा. ही मालिका शहरामागून शहर फिरते. २०२५ मध्ये अमेरिकेतलं कार्मेल, मग शिकागोजवळचं वेस्टमॉन्ट आणि शेवटी टोरांटो. त्याआधीच्या वर्षी शांघाय, इंचॉन आणि सिंगापूर. या दोन्ही वर्षी ती आखूड, म्हणजे २५ मीटरच्या टँकमध्ये झाली. ऑलिंपिकला मात्र ५० मीटरचाच टँक लागतो, म्हणून विक्रमांच्या वह्या दोन.

बाबांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. "पण मग उलटं व्हायला हवं ना? लहान टँकमध्ये वळणं जास्त. कर्वे रोडवर यू-टर्न घेऊन कधी कोणी लवकर पोहोचलंय का?"

प्रश्न चोख आहे. शंभर मीटरला मोठ्या टँकमध्ये एक वळण, आखूड टँकमध्ये तीन. दोन वळणं जास्त, तरीही वेळ पावणेदोन सेकंदांनी कमी. पुरुषांचंही तेच. पान झानलनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मोठ्या टँकमध्ये ४६.४० केले, कायल चाल्मर्सनं २०२१ मध्येच कझानच्या वर्ल्ड कपमध्ये आखूड टँकमध्ये ४४.८४ केले होते. आमच्या भाच्याचंही टायमिंग बालेवाडीच्या ५० मीटरला गेलं की दोन-अडीच सेकंदांनी घसरतं, आणि घरी येताना तो रिक्षात गप्प बसतो.

उत्तराचा सोपा भाग भिंत. पाण्यात हात मारला की पाणी मागे सरकतं. आपली बरीचशी ताकद ते पाणी घुसळण्यातच खर्ची पडते. भिंत सरकत नाही. ती जमिनीला जोडलेली, म्हणजे आपण लाथ मारतो ती अख्ख्या पृथ्वीला. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं पृथ्वीही मागे ढकलली जाते, पण इतकी नगण्य की ऊर्जा जवळपास सगळी आपल्याकडेच राहते. कोलांटी मारून पाय भिंतीवर टेकवून निघालेला चांगला जलतरणपटू पहिल्या क्षणी सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगानं सुटतो. पृष्ठभागावर त्याचा वेग असतो दोनच्या आगेमागे. वळण म्हणजे यू-टर्न नव्हे, फुकटात मिळालेला धक्का.

पण धक्का फुकट मिळाला तरी टिकायला हवा. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन. तीन मीटरचा वेग बघता बघता विरतो. मग जलतरणपटू भिंतीपासून सुटल्यावर लगेच वर न येता खालूनच का जातात? इथून पुढचा भाग माझा आवडता आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

पाण्याच्या पृष्ठभागावरून काहीही सरकलं की लाटा उठतात. खडकवासल्याला लाँच जाताना मागे पसरणाऱ्या रेघा आपण पाहतोच. त्या लाटा उठवायला लागणारी ऊर्जा कोणाची? लाँचची. पोहणाऱ्याचंही तसंच. आता लाटेचा एक गुणधर्म बघा. खोल पाण्यात लांब लाट जोरात धावते, आखूड लाट हळू. लाटेची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.२५ नं गुणा, की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. एक मीटरची लाट १.२५ नं धावते, दोन मीटरची सुमारे १.७७ नं, चार मीटरची २.५ नं.

तुम्ही ज्या वेगानं पोहता त्याच वेगानं तुमची लाट तुमच्याबरोबर यायला हवी, नाहीतर ती मागे पडेल. म्हणजे वेग ठरला की लाटेची लांबीही ठरली. हळू पोहलात तर लाटा आखूड, अंगाखाली दोन-तीन मावतात. वेग वाढवत गेलात की लाट ताणली जाते आणि एका क्षणी ती तुमच्या उंचीएवढी होते: एक उंचवटा डोक्याशी, दुसरा पायाशी, मधल्या खळग्यात तुम्ही. याहून जोरात जायचं म्हटलं की मागचा उंचवटा पायांच्याही मागे सरकतो, पाय खळग्यात उतरतात आणि डोकं चढावर राहतं. आता तुम्ही पोहत नाही, कात्रजचा घाट चढताय. आणि घाटसुद्धा तुम्हीच बांधलेला.

जहाजांच्या बाबतीत हे नीट मोजणारा इंजिनिअर विल्यम फ्रूड. त्यानं १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीला जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी एक लांबलचक टँक बांधला होता. (टँकवर जाण्याची पुणेकरांची सवय त्यालाही होती म्हणायची.) त्याच्या हिशेबातून लांबीचं महत्त्व कळलं. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेगाटात, म्हणजे नौकास्पर्धेत, मुळा नदीवर ज्या बोटी धावतात त्या इतक्या लांब आणि निमुळत्या का? एकट्यानं वल्हवायची बोटही आठ मीटरच्या आसपास. आठचं वर्गमूळ २.८३, गुणिले १.२५, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर वेगापर्यंत चढ लागतच नाही. माणूस मात्र पावणेदोन-दोन मीटरचा. एक हात पुढे ताणून धरला तर फार तर २.४. त्याची मर्यादा १.९ च्या पुढेमागे.

आणि डग्लसचा टोरांटोतला सरासरी वेग? सेकंदाला २.००. पान झानलचा तर २.१६. म्हणजे ही मर्यादा म्हणजे भिंत नाही, चढ आहे. ताकद असेल तर चढता येतो, पण प्रत्येक पावलाला किंमत मोजावी लागते.

आता डोकं पाण्याखाली घाला. लाट उठायला वर हवा आणि खाली पाणी, अशी दोघांची सीमा लागते. त्या सीमेपासून दूर गेलात की लाट उठवणंच अवघड. लाटेची हालचाल खोलीबरोबर घातांकी वेगानं विरते: दोन मीटर लांबीच्या लाटेची हालचाल अर्ध्या मीटरवर सुमारे एक पंचमांश उरते, एका मीटरवर जेमतेम चार टक्के. ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी, ई चा उणे २π गुणिले खोली भागिले लाटेची लांबी इतका घात. ज्यांना नको त्यांनी इतकंच लक्षात ठेवावं, की अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की घाट संपतो आणि सपाट रस्ता लागतो. पाण्याचं घर्षण आणि अंगामागचे भोवरे उरतातच, पण लाटांचा कर माफ.

आमचे आजोबा विहिरीत लांब सूर मारून पाण्याखालूनच पलीकडचा काठ गाठायची पैज लावत आणि वरून हात मारत येणाऱ्याला हरवत, असं सांगायचे. आम्हाला ती बढाई वाटायची.

खाली पुढे कसं जायचं, तर डॉल्फिन किकनं. दोन्ही पाय जुळवून छातीपासून बोटांपर्यंत एक लहर सोडायची. पायाची बोटं प्रत्येक झटक्याला एक भोवरा मागे टाकतात, वरचा एका दिशेनं फिरणारा, खालचा उलट्या, आणि दोघांच्या मधून पाण्याचा झोत मागे जातो. झटक्यांचा वेग गुणिले पायाची वरखाली हालचाल भागिले पुढचा वेग, हा एक आकडा शास्त्रज्ञ काढतात. त्याचं नाव स्ट्रौहाल अंक. मासे आणि डॉल्फिन यांचा हा आकडा साधारण ०.२ ते ०.४ मध्ये असतो. माणूस सेकंदाला अडीच झटके मारतो, अर्धा मीटर वरखाली, वेग १.८ धरला तर येतात ०.७. म्हणजे आपण भोवरे फार टाकतो आणि सरकतो कमी. घोटे माशाच्या शेपटीइतके वळत नाहीत, दुसरं काय.

एवढ्यावरही खालचा रस्ता इतका किफायतशीर, की लोकांनी वर येणंच सोडलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफनं १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत मोठं अंतर पाण्याखालून कापून ५४.५१ चा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीनं त्याच युक्तीनं त्याला हरवलं. बघणाऱ्यांना पोहणारे दिसेनातच. त्यावर आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेनं पाण्याखालच्या अंतराला आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा घातली, पुढे ती फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायलाही लागू झाली. ब्रेस्टस्ट्रोकचे नियम वेगळे, त्यात आत्ता शिरत नाही.

आता २५ मीटरचं गणित मांडा. सुरुवात आणि तीन वळणं, पंधरा चोक साठ. शंभरपैकी साठ मीटर नियमानं पाण्याखाली काढता येतात. मोठ्या टँकमध्ये हेच तीस. आखूड टँकमधली शंभर मीटर म्हणजे पोहण्याची शर्यत कमी आणि पाणबुडीची जास्त.

मी हे सगळं सांगेपर्यंत बाबांचं लक्ष त्यांच्या मुलाच्या घोट्यातल्या काळ्या दोऱ्याकडे गेलं होतं. "त्यानं विरोध वाढत असेल का हो?" नाही. कमीही होत नाही. दृष्ट आणि ड्रॅग, म्हणजे पाण्याचा विरोध, दोन्हींवर त्याचा परिणाम सारखाच, शून्य. शार्कच्या कातडीसारख्या म्हणून विकलेल्या पोहण्याच्या पोशाखांची जाहिरातही अशीच पाण्यात घालून बघावी. २००९ साली रोममध्ये एकाच जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम पडले ते पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी. शरीर आवळून गुळगुळीत करायचं आणि थोडं वर तरंगत ठेवायचं, हे त्यांचं काम. शार्कचा तिथं काही संबंध नव्हता. २०१० पासून ते बंद झाले.

मग सगळेच पूर्ण पंधरा मीटर अंतर पाण्याखालून का जात नाहीत? श्वास. शेवटच्या वळणानंतर स्नायू प्राणवायू मागत असतात आणि आपण तोंड मिटून बसलेले असतो. म्हणून मुलं टँकवर आधी जोरजोरात श्वास घेऊन "कोण जास्त वेळ खाली राहतो" खेळतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. त्या श्वासांनी प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, आणि वर येण्याची निकड तोच सांगत असतो. निकड वाटण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

त्या संध्याकाळी मी भाच्याचं डोकं वर कुठे येतं ते लेनच्या दोरीवरच्या रंगांवरून मोजलं. पहिल्या वळणानंतर सहा मीटर, दुसऱ्यानंतर पाच, तिसऱ्यानंतर जेमतेम साडेतीन. त्याचे सर काठावरून ओरडत होते, "खालून! खालून!"