'काळच तसा होता' हे कुठवर खरं? जुन्या 'ड्रॅगन बॉल'ची पार्श्वभूमी

आपल्याकडे अनेकांनी आधी कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झेड' ही जपानी कार्टून मालिका पाहिली. छोट्या गोकूची मूळ मालिका त्यांच्या हाती नंतर लागली, त्यामुळे धक्काही उलट्या बाजूने बसतो. झेडमध्ये एका कडेला बसलेला, थोडा विनोदी म्हातारा गुरू म्हणून ओळखीचा असलेला मास्टर रोशी इथे ड्रॅगन बॉल नावाच्या जादूच्या गोळ्याच्या मोबदल्यात सोळा वर्षांच्या बुल्मा या मुलीकडे अंतर्वस्त्र दाखवण्याची मागणी करतो. 26 फेब्रुवारी 1986 पासून फुजी टीव्हीवर ही मालिका लागायची ती दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे घरातली पोरंबाळं टीव्हीसमोर बसण्याच्या वेळेला. हा चावटपणा, मिस्टर पोपो या पात्राचं वर्णद्वेषी चित्रण आणि रटाळपणा, या तक्रारींवर 'काळच तसा होता' असं उत्तर दिलं जातं.

असली दृश्यं कापून टाकली की झालं, असंही नाही. पहिल्या कथानकाचा शेवटच बघा. सातही ड्रॅगन बॉल जमले की एक ड्रॅगन प्रकटतो आणि एक इच्छा पुरी करतो. खलनायक पिलाफ त्याच्याकडे जगाचं राज्य मागणार, तेवढ्यात ऊलाँग नावाचा डुक्कर मध्ये उडी मारतो आणि एका तरुणीची चड्डी मागतो. ड्रॅगन ती देतो, इच्छा संपते, जग वाचतं. सगळी कथा त्या एका चावट विनोदावर तोललेली आहे. 1995 मध्ये अमेरिकेत 13 भाग दाखवताना ऊलाँगच्या तोंडी 'जगातली सर्वांत आरामदायक चड्डी' घातली गेली. प्रसंग राहिला, वात्रटपणा गेला आणि विनोदही गेला.

हा चावटपणा 'ड्रॅगन बॉल'चे जनक अकिरा तोरियामांनी शोधून काढलेला नव्हता. 'ड्रॅगन बॉल'ची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) मुलांच्या ज्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात 1984 पासून छापली जात होती, त्याचा जन्म 1968 चा. त्याच वर्षी त्यात गो नागाई यांची 'हारेन्ची गाकुएन' सुरू झाली. शाळेत मुलींचे स्कर्ट उडवण्याचे प्रकार त्यात इतके होते की जपानभरच्या पालक-शिक्षक संघटना खवळल्या. अंक मात्र खपले, आणि मुलांच्या मासिकांत चावटपणा चालतो हे संपादकांना कळलं. ऊलाँगचा वंश तर त्याहूनही जुना. 'ड्रॅगन बॉल'चा सांगाडा सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीवरून घेतलेला. गोकू म्हणजे तिथला वानर सुन वुकोंग आणि ऊलाँग म्हणजे बायकांमागे लागणारा वराह झू बाजिए.

पुढे चावटपणा मागे पडला, पण त्याचं कारण नैतिक नव्हतं. जंपमध्ये कोणती मांगा जगणार हे वाचकांच्या मतपत्रिका ठरवत. सुरुवातीची यात्रा संपत आली तशी मतं घसरू लागली. संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी नायक फिका वाटतो असं सुनावलं. मग गोकूचा जोडीदार क्रिलिन आला, रोशीकडची तालीम आली, युद्धकलेची स्पर्धा आली, आणि मालिका मारामारीकडे वळली. रोशी मात्र जुनी खोड घेऊन तसाच राहिला.

मिस्टर पोपोची गोष्ट वेगळी. काळाकुळकुळीत चेहरा, जाड लाल ओठ, देवाचा नोकर. जपानमध्ये हा साचा तेव्हा सर्रास होता. 1960 मध्ये तर डक्को-चान नावाच्या काळ्या फुगवायच्या बाहुलीने देशभर धुमाकूळ घातला होता. पोपो अवतरला 1988 मध्ये. नेमक्या त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या अशा चित्रणाविरुद्ध जपानमध्ये आवाज उठला आणि 'लिट्ल ब्लॅक साम्बो' या बालपुस्तकाच्या जपानी आवृत्त्या प्रकाशकांनी बाजारातून काढून घेतल्या. म्हणजे 'तेव्हा कुणाला कळत होतं' ही सबब इथे फारशी टिकत नाही. नंतर अमेरिकेतल्या एका प्रक्षेपणात पोपोला चक्क निळा रंगवला.

राहिला रटाळपणा. तो झेडमध्ये जास्त जाणवतो आणि त्याचं मूळ निव्वळ वेळापत्रकात आहे. मांगा आठवड्याला जेमतेम चौदा-पंधरा पानं पुढे सरकायची, आणि मालिका बनवणाऱ्या तोएई ॲनिमेशनला त्याच आठवड्यात वीसेक मिनिटं भरायची असत. मग पाणी घालणं आलंच: तोच हल्ला तीन बाजूंनी, प्रत्येकाचा दचकलेला चेहरा. आपल्या दैनंदिन मालिकांत सासूचा चेहरा तीनदा दाखवतात, तसंच. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा म्हणतो, आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात.

हा दोष मात्र दुरुस्त होण्यासारखा होता. झेडच्या 2009 च्या 'काई' या काटछाट केलेल्या आवृत्तीत सेल या खलनायकाच्या कथानकापर्यंतचे 194 भाग 98 वर आणले आणि कथेचं काहीच बिघडलं नाही. गंमत संगीताची झाली. जुनं म्हणून शुन्सुके किकुचींचं संगीत काढून केन्जी यामामोतोंचं नवं घातलं होतं. त्यावर चोरीचा संशय आला, आणि 2011 मध्ये किकुचींचं जुनं संगीतच परत बसवावं लागलं.

कात्रीने जे गेलं नाही ते पुढेही चालूच राहिलं. 2021 मध्ये अर्जेंटिनात रोशीच्या वागण्याबद्दल सरकारी पातळीवर तक्रार झाली आणि कार्टून नेटवर्कने मालिका थांबवली. ती मालिका 1986 ची नव्हती. 'ड्रॅगन बॉल सुपर' होती, आणि तक्रार झालेला भाग जपानमध्ये 2017 मध्ये दाखवलेला.