कुलपती आणि कुलगुरू: प्राध्यापिकेची वाट कोणत्या पदाकडे जाते?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती (चान्सलर) १९२० साली भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ झाल्या. त्याच विद्यापीठाला पहिली महिला कुलगुरू (व्हाइस चान्सलर) मिळाली ती एप्रिल २०२४ मध्ये, प्रा. नईमा खातून यांच्या रूपाने. हिंदीत कुलगुरूंनाच ‘कुलपति’ म्हणत असल्याने हिंदीवरून उतरवलेल्या मराठी बातम्यांत या दोन पदांची हमखास सरमिसळ होते, आणि मग शंभर वर्षांचे हे अंतर दिसेनासे होते.

कुलपतिपद बहुधा दुसऱ्या एखाद्या पदासोबत किंवा प्रतिष्ठेमुळे येते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती पदसिद्ध असतात, म्हणजे जो राज्यपाल तोच कुलपती. म्हणूनच विजयालक्ष्मी पंडित १९६२ ते १९६४ या काळात राज्यपाल असताना मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या कुलपतीही होत्या. हे पद केवळ शोभेचे आहे असे मात्र नाही, कारण महाराष्ट्रात शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरूंची नेमणूक कुलपतीच करतात. तरीही तेथे पोहोचलेल्या स्त्रीवरून त्या विद्यापीठातील अध्यापिकांच्या वाटचालीविषयी काहीच कळत नाही.

कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रत्यक्ष कारभारी असतात. व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली चालतात. येथेही पूर्वी अध्यापनाची अट नव्हती. १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसा मेहता संविधान सभेच्या सदस्य होत्या, पेशाने प्राध्यापक नव्हत्या. मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू (१९९५ ते २०००) डॉ. स्नेहलता देशमुख मात्र बालशल्यचिकित्सक, अध्यापक आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता अशा पायऱ्या चढत आल्या होत्या, आणि गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या आईचे नाव आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. माझ्या मते अध्यापिकांच्या प्रगतीचा हिशेब मांडायचा तर तो अशाच नेमणुकांवरून मांडावा.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरुपदासाठी प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. अध्यापनातून येणाऱ्या उमेदवाराची ही दहा वर्षे नोकरीला लागल्यापासून नव्हे, तर प्राध्यापकपद मिळाल्यापासून मोजली जातात. उदाहरणार्थ, नईमा खातून १९८८ मध्ये अधिव्याख्याता झाल्या, प्राध्यापक २००६ मध्ये, आणि महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या २०१४ मध्ये. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे पीएच.डी. लांबली आणि एखाद्या अध्यापिकेला बावन्नाव्या वर्षी प्राध्यापकपद मिळाले, तर ती बासष्टाव्या वर्षी पात्र ठरेल. महाराष्ट्रात कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असली तरी वयाची पासष्ट वर्षे पूर्ण होताच ती संपते, आणि तीनच वर्षे हाती असलेल्या उमेदवाराचे नाव शोध समितीपुढे टिकणे अवघड असते.