पार्श्वभूमी : हृदयवाहिन्यांतला थर डॉक्टरांना दिसू कसा लागला

बडोद्यातल्या मराठी घरांत हृदयाच्या तपासणीची बोलणी टक्क्यांत होतात. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कुणाची अँजिओग्राफी झाली की भेटायला येणारा पहिल्यांदा विचारतो, "किती टक्के निघालं?" म्हणजे वाहिनी किती अरुंद झाली. सत्तर म्हटलं की चेहरे उतरतात. तीस म्हटलं की धीर येतो, "मग काही नाही काका, निर्धास्त राहा." हा निर्धास्तपणा मला धोक्याचा वाटतो.

वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर साठण्याचा हा रोग तसा फार जुना. कमाटीबागेच्या म्युझियममधली इजिप्तची ममी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच पाहिलेली असते. कैरोच्या संग्रहालयातल्या अशाच ममींचे सीटी स्कॅन झाले, तेव्हा काहींच्या रक्तवाहिन्यांत या थरात जमणारं कॅल्शियम साठलेलं दिसलं. पुढे २०१३ मध्ये चार वेगवेगळ्या प्रदेशांतल्या १३७ ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ४७ जणांत या रोगाच्या निश्चित किंवा संभाव्य खुणा होत्या.

जिवंत माणसाच्या हृदयवाहिन्या मात्र नीट दिसल्या त्या अपघातानेच. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाची झडप तपासत होते. क्ष-किरणांत दिसणारं रंगद्रव्य महाधमनीत सोडायचं होतं, पण नळीचं टोक उजव्या हृदयवाहिनीत शिरलं आणि बरंचसं रंगद्रव्य थेट तिच्यात गेलं. हृदय थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला जोराने खोकायला लावलं, आणि ठोके परत सुरू झाले. असं झालं तर माणूस वाचत नाही, हा तोवरचा समज होता. तो वाचला, आणि थोडं रंगद्रव्य वापरून एकेक वाहिनी पाहता येईल, हे सोन्स यांनी ओळखलं. १९७७ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तीही याच चित्राच्या आधाराने.

पण त्या चित्रात दिसते ती रक्त वाहण्याची पोकळी. भिंत दिसत नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी मृत्यूनंतर काढलेल्या १३६ हृदयांची तपासणी मांडली. थर वाढतो तशी वाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. आतल्या क्षेत्रफळाचा साधारण ४० टक्के भाग व्यापेपर्यंत पोकळी फारशी आक्रसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे अँजिओग्राफी स्वच्छ दिसते, तरी भिंतीत रोग असू शकतो. शिवाय पुष्कळदा झटका येतो तो फारशी अडचण न करणारा मऊ, चरबीचा थर फुटून, त्यावर गुठळी धरल्यामुळे. तीस टक्क्यांवाल्या काकांना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

भिंत बाहेरून पाहायची वाट सीटीने दाखवली. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम मोजायची रीत दिली. ती आजही तीच आहे. रंगद्रव्य नाही, सुई नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या, काही सेकंद श्वास रोखायचा, आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय शांत असतं त्या क्षणी यंत्र चित्र टिपतं. १३० हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीतली घनता मोजायचं माप) वरचा कॅल्शियमचा प्रत्येक ठिपका मोजला जातो, आणि त्याच्या क्षेत्रफळाला घनतेनुसार १ ते ४ ने गुणलं जातं. ठिपका ५ चौरस मिलिमीटरचा असेल आणि त्याची सर्वाधिक घनता ३५० असेल, तर तिचा गुणक ३, म्हणून ५ गुणिले ३, म्हणजे १५. सगळ्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. ४००च्या वर गेला तर काळजीचं. शून्य हे चांगलं लक्षण, पण मऊ थरात कॅल्शियम नसतंच, त्यामुळे तरुण, सिगारेट ओढणाऱ्या माणसाने शून्यावर विसंबू नये.

मऊ थरासाठी वाहिनीच्या आतून करायची सोनोग्राफी आली, मग प्रकाशकिरणांनी पाहणारं ओसीटी. दोन्हींना नळी घालावी लागते. २००४च्या सुमारास एका फेरीत ६४ काप टिपणारी (६४ स्लाइसची) सीटी यंत्रं आली, आणि नळी न घालता, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन थर पाहणं, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, नित्याचं झालं.

याचा उपयोग किती, हे स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१८च्या निष्कर्षानुसार पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण सीटी अँजिओग्राफी झालेल्या गटात २.३ टक्के, तर नेहमीचीच तपासणी झालेल्या गटात ३.९ टक्के होतं. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. फरक पडला तो बहुधा वेळेवर सुरू झालेल्या गोळ्यांमुळे.

त्या गोळ्यांत कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन मुख्य. ती मऊ थर टणक करते, म्हणून उपचार लागू पडत असतानाही कॅल्शियमचा स्कोअर वाढू शकतो. आकडा वाढलेला पाहून गोळी बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.