जुन्या लेथला इंजिन ऑइल चालते का?

कुपवाड एमआयडीसीतील लहान वर्कशॉपांमध्ये लेथबद्दल, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्राबद्दल, वर्षानुवर्षे सांगितले जाते की, ‘जुन्या लेथला गाडीचे इंजिन ऑइल पुरते, जितके घट्ट, तितके चांगले.’ असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्या तेलाने मशीन लगेच बंद पडत नाही. मात्र इंजिन ऑइलमध्ये काजळी व ओल तेलातच तरंगत ठेवणारी रसायने असतात. फिल्टर असलेल्या इंजिनासाठी ती योग्यच, पण बहुतेक जुन्या हेडस्टॉकमध्ये (लेथच्या गिअर असलेल्या पेटीत) फिल्टर नसल्याने, एरवी तळाशी बसला असता तो धातूचा बारीक कीस गिअर आणि बेअरिंगमधून फिरत राहतो. खात्री करायची असल्यास काचेच्या बाटलीत तेल व थोडे पाणी घालून जोरात हलवावे आणि रात्रभर ठेवावे. इंजिन ऑइल ताकासारखे पांढुरके राहते, तर साध्या हायड्रॉलिक तेलाखाली पाणी वेगळे झालेले दिसते.

घट्टपणाचेही तसेच. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरील ‘व्हीजी 68’ हा आकडा 40 अंश सेल्सिअसला तेल किती दाट असते ते सांगतो. एसएई 40 दर्जाचे इंजिन ऑइल त्याच्या सुमारे दुप्पट दाट असल्याने वेगात फिरणारा स्पिंडल (धातूचा तुकडा फिरवणारा दांडा) विनाकारण तापू शकतो. बेडला, म्हणजे हत्यार धरणारी कॅरेज ज्यावर सरकते त्या लांब पायाला, मात्र चिकटून राहणारे स्लाइडवे ऑइलच हवे, नाहीतर मंद फीडवर (हत्यार हळू पुढे सरकवताना) कॅरेज अडखळत सरकते. हेडस्टॉकवरची, कोणते तेल घालावे ते सांगणारी पितळी पाटी शाबूत असेल (पुष्कळदा ती रंगाच्या थराखाली दडलेली असते), तर आधी तीच वाचावी.