ट्रान्सजेंडर असणं हा मानसिक आजार नाही

‘हा मानसिक आजार आहे, उपचार केले की बरा होतो,’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. हे साफ खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढला. २०१९मध्ये त्याला मंजुरी मिळाली, २०२२पासून ते लागू झालं.

मग ट्रान्सजेंडर व्यक्तींना नैराश्य येतं कुठून? शहरात फोनवर ‘या, जागा बघून जा’ म्हणणारा घरमालक प्रत्यक्ष भेटल्यावर ‘जागा गेली’ म्हणतो. बँकेत ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळत नाही, म्हणून भर रांगेत मोठ्याने चौकशी होते. स्वच्छतागृहातून हाकलतील या धास्तीने काहीजण बाहेर असताना पाणीच पीत नाहीत. रोज असं सोसून कुणाचंही मन खचेल. ‘ट्रान्सजेंडर असणं बदलून देतो’ म्हणणारे उपचार ते आणखी खचवतात; घरच्यांनी कृपा करून त्यांच्या नादी लागू नये.